बिनखांदणीचा वाफा

मर्ट कॉड गोठ्यातलं काम उरकून घराकडं आला, तर त्याची बायको स्टेशा एक भलंमोठं खोकं दारातल्या गवतावरनं फरफटत नेत होती. खोकं फ्रिजचं होतं. तसलीच आणखी चार-दोन खोकी कुंपणाला टेकवून ठेवली होती आणि समुद्राकडनं येणारा वारा त्यांना उचलू बघत होता. दगड ठेवून तिनं ती दाबून धरली होती.

मार्च उजाडला होता तरी हवेतली थंडी हटत नव्हती. रात्रभर भुरभुर पडून गेलेली, सगळं रान भिजून काळंभोर झालेलं. अशा दिवशी मर्टच्या मनात एकच गोष्ट असायची, नांगर. वेक्सफर्डच्या दक्षिण अंगाला बॅलीरेन गावात नांगरटीच्या शर्यतीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याच्या नांगराचं तास दोरी लावल्यागत सरळ जायचं. स्वयंपाकघरातल्या कपाटात ताटं ठेवायला जागा नव्हती, एवढे चषक त्यानं आणून ठेवले होते. ते पुसायचं काम स्टेशाचं.

"काय चाललंय तुझं?" मर्टनं विचारलं.

"वाफा करतीय."

"पुठ्ठ्याचा?"

"पुठ्ठा खाली, खत वर. खतात बटाटं लावायचं. पुठ्ठ्याखाली गवताला उजेड मिळत न्हाई, ते मरतं. मग पुठ्ठाबी कुजतो. खांदायचं न्हाई."

"न खांदता वाफा हुतो व्हय?"

"करून बघतीय."

स्टेशाच्या खुब्याचा सांधा गेल्या शरदात बदलला होता. डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, बाई, चाला, फिरा, नाचायचं तर नाचा, पण फावड्यावर पाय देऊन खांदू नका. मर्टला हे ठाऊक होतं. इस्पितळातनं तिला घरी आणताना गाडीत त्यानंच सांगितलं होतं की परसातली खांदणी आता माझ्याकडं. तिनं खिडकीबाहेर बघत मान हलवली होती. असं त्यानं दर साली सांगितलं होतं. सांधा धड होता तेव्हाबी सांगितलं होतं. पण शनिवार आला की शर्यत असायची, नाहीतर शर्यतीचा सराव असायचा, नाहीतर कुणाचा तरी नांगर बघायला जायचं असायचं. मे महिना निम्मा सरला की स्टेशा स्वतःच फावडं घेऊन परसात उतरायची.

"आगं मला सांगायचंस की," मर्ट म्हणाला. "अर्ध्या दिवसाचं काम. दिलं असतं खांदून."

स्टेशानं खोक्यावरची न कुजणारी चिकटपट्टी नखानं उकलली आणि सर्रकन ओढून काढली.

"म्हणून तर सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

मर्ट उभाच राहिला. भांडण असतं तर त्यानं चार शब्द सुनावले असते. पण हे भांडण नव्हतं. तिनं आवाज चढवला नव्हता, कपाळाला आठी घातली नव्हती. ती खाली वाकून, म्हणजे नव्या सांध्यानं वाकवेल तितकं वाकून, पुठ्ठ्याच्या कडा एकीवर एक सरकवत होती, मध्ये फट राहू नये म्हणून.

"परसात तरी कर," तो शेवटी म्हणाला. "हितं रस्त्यावरनं दिसतंय सगळ्यास्नी."

"हितं ऊन येतं," स्टेशा म्हणाली. "त्या नळीनं पानी मार जरा. भिजला पायजे."

मर्टनं पाणी मारलं नाही. तो ट्रॅक्टरकडं गेला.

आणि व्हायचं तेच झालं. दुपारी शेजारचा वॅटी फर्लाँग दूध घालून परत जाताना फाटकापाशी थांबला. वॅटी म्हणजे गावातला एक नंबरचा बाताड्या. त्यानं सांगितलेली बातमी कुणी खरी धरत नसे, पण ऐकल्याबिगर कुणी राहतही नसे. त्यानं मान लांब करून वाफ्याकडं बघितलं.

"मर्ट, घर सोडून निघालाय काय रं? सामान भाईर काढलंय."

"स्टेशाचं खूळ हाय."

"फ्रिज पेरलाय म्हन की. उगवला तर मला एक दे. आमचा बिघडलाय."

रविवारी प्रार्थना आटोपली की गावातले बाप्ये चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभे राहतात. तिथंही हाच विषय. नांगरट्याच्या घरात बिननांगरी रान. कुणी म्हणालं, मर्टला घरात कुणी जुमानत नाही. कुणी म्हणालं, आता शर्यतीतबी पुठ्ठा अंथरून ये, पहिला नंबर नक्की. मर्ट हसला. हसणं भाग होतं. मग छाती काढून म्हणाला, "महिनाभर खेळू दे तिला. मग म्या खांदून देतो झ्याक."

त्यानं खरंच तसं ठरवलं होतं. एप्रिलात स्टेशा सांधा दाखवायला वेक्सफर्डला गेली, गावातली पेग डेव्हरो तिला गाडीतनं घेऊन गेली. गाडी वळणाआड गेली तसा मर्ट फावडं घेऊन वाफ्यापाशी आला. वर चांगलं वीतभर खत होतं. जुनं, कुजून काळं पडलेलं, चहाच्या चोथ्यागत. आपल्याच उकिरड्यातलं, हे त्यानं ओळखलं. ढकलगाडी घेऊन ती किती फेऱ्या घालत बसली असेल, हे त्याला आठवेना, कारण त्यानं बघितलंच नव्हतं. खताच्या वर समुद्राकाठचं शेवाळ पसरलं होतं. तेही तिनं कुठनं तरी मिळवलं होतं. त्याचा खारट वास येत होता.

फावडं मारायच्या आधी सहज म्हणून त्यानं कडेचा पुठ्ठा उचलून बघितला.

खाली गवत नव्हतं. पिवळी पडलेली चार पाती होती, बोटानं उचलली तर हातात आली. आणि गांडुळं. जाडजूड, तांबूस, पुठ्ठ्याला खालनं चिकटलेली, एकमेकांत वेटोळी घातलेली. उजेड लागला तशी ती सुळकन मातीत शिरली. मर्टनं दोन बोटं मातीत खुपसली. बोटं पार आत गेली.

तो उकिडवा बसून राहिला. त्याच्या बापाच्या वेळी नांगरामागं गांडुळं टिपायला समुद्रपक्ष्यांची झुंबड असायची. पांढरा ढगच जणू नांगराला बांधलाय असं वाटायचं, आणि त्यांच्या कलकलाटात घोड्याला हाक ऐकू जायची नाही. मर्टच्या नांगरामागं अलीकडं एखाददुसरा पक्षी यायचा, चार पावलं चालायचा आणि निघून जायचा. मर्टला वाटायचं, समुद्रातच मासे जास्त झाले असतील.

त्यानं पुठ्ठा पहिल्यासारखा दाबला, त्यावर खत लोटलं, हातानं थोपटलं. फावडं नेऊन जागच्या जागी ठेवलं. स्टेशा संध्याकाळी आली. वाफ्याच्या कोपऱ्यापाशी क्षणभर थांबली आणि आत गेली.

जूनमध्ये तो वाफा असा काही माजला की रस्त्यानं जाणारी माणसं गाडी हळू करू लागली. बटाट्याची पालवी गुडघ्याला लागली. कोबीनं अंग धरलं. हरळीचा एखादा चुकार कोंब वर यायचा, स्टेशा चहाचा कप हातात घेऊन चालता चालता दुसऱ्या हातानं तो उपटायची. गोगलगायींनी सॅलडची एक ओळ खाल्ली, ती मात्र तिनं मनाला लावून घेतली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. वॅटीच्या चेष्टा आटल्या. तो आता फाटकापाशी थांबायचा, बघायचा आणि बटाट्याबद्दल न बोलता हवेबद्दल बोलायचा.

जुलैत नांगरट मंडळाचे लोक शर्यतीचं रान बघायला आले. येत्या हंगामाची शर्यत मर्टच्या रानात घ्यायची होती. त्यांच्यात मंडळाचा अध्यक्ष नेड डेव्हरो होता, पेगचा नवरा. रुंद खांद्याचा, बोलणं तोलून मापून. त्यानं एखादी गोष्ट बरी म्हटली की गावात ती बरी ठरायची. रान बघून झाल्यावर सगळे दुपारच्या जेवणाला मर्टकडं बसले. खारवलेलं डुकराचं मटण होतं, कोबी होती आणि मधोमध मोठ्या परातीत नवे बटाटे. साली फुटून आतलं पीठ भुरभुर बाहेर आलेले. वर लोणी टाकलं की ते बघता बघता आत जिरत होतं.

नेडनं एक खाल्ला. दुसरा घेतला. तिसऱ्याच्या वेळी काटा खाली ठेवला.

"मर्ट, ह्ये बटाटं कुठलं?"

"घरचं."

"दारातल्या वाफ्याचं?"

"व्हय."

"वाटलंच मला," नेड बाकीच्यांकडं वळून म्हणाला. "गावात कायबाय बोलतात, पन मला ठावं हुतं. असं बटाटं भुसभुशीत मातीबिगर येत न्हाईत, आन तसली माती खोल खांदल्याबिगर हुत न्हाई. दोन फावडी खोल गेला असशील न्हवं?"

स्टेशा चुलीपाशी पाठमोरी उभी होती. चहाची किटली तिच्या हातात होती. किटली हलली नाही की पाठ हलली नाही.

मर्टच्या तोंडात बटाटा होता. तो त्यानं सावकाश चावला. नेड डेव्हरोनं आपल्या खांदणीची तारीफ करावी ही गोष्ट काही रोजची नव्हती. नांगर वेगळा, फावडं वेगळं. फावड्यात मर्ट कच्चा, असं नेड एकदा भर सभेत बोलला होता.

"खोल जावंच लागतं," मर्ट म्हणाला.

स्टेशा वळली. लोण्याची बशी उचलून तिनं मर्टच्या पुढ्यात ठेवली.

"लोणी घे," ती म्हणाली. "घसा कोरडा पडला आसंल."

त्यानंतर ती या गोष्टीबद्दल एक चकार शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मर्टला वाटलं होतं ती बोलेल, मग आपणही बोलू, मग थोडं वाजेल आणि मिटेल. पण ती त्याला वेळेवर जेवण वाढत होती, चषक पुसत होती, रेडिओवर हवामान ऐकत होती. मर्टला अन्न गोड लागेना. बटाटा तर घशाखाली उतरेना, आणि बटाटे रोज होते.

त्यात नेडनं चर्चच्या भिंतीपाशी जाहीर करून टाकलं. सप्टेंबरात सुगीच्या दिवशी मर्ट कॉड आपला वाफा सगळ्यांना दाखवणार आणि खांदणी कशी करायची ते करून दाखवणार. पोरांनी हल्ली फावडंच टाकलंय, त्यांना कळू दे. मर्ट म्हणाला, मला त्या दिवशी काम आहे. नेड म्हणाला, मग दिवस बदलू. मर्ट म्हणाला, कंबर धरलीय. नेड म्हणाला, अजून महिना आहे.

घरी येऊन मर्ट टोपी हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा राहिला.

"आता काय करू गं म्या?"

"कशाचं?"

"ते खांदून दाखवायचं म्हनतात."

"मग खांद."

"तुझ्या वाफ्यात?"

"माझा कवापासनं झाला?" स्टेशा कणीक मळत म्हणाली. "भर पंगतीत तुझा म्हणून सांगितलास की."

"तसं म्या म्हनलो न्हाई. खोल जावं लागतं एवढंच म्हनलो."

"खोल गेलाईस खरा," ती म्हणाली आणि पाव भट्टीत सारला.

सुगीचा दिवस उजाडला तो वाऱ्यावर स्वार होऊन. पाऊस आडवा येत होता. तरी माणसं आली. टोप्या कानांवर ओढून, रबरी बूट घालून वाफ्याभोवती गोल करून उभी राहिली. बटाटे केव्हाच निघाले होते, आता तिथं कांद्याच्या जातीतली लीक आणि गाजरं होती, पानं वाऱ्यानं एका अंगाला झोपलेली. नेडनं चार शब्द बोलून झाल्यावर नवं कोरं फावडं मर्टच्या हातात दिलं.

"तिकडच्या कोपऱ्यात एक फावडं मार. माती उलटून दाखव."

तो कोपरा मोकळा होता. तीच कड, जिथनं मर्टनं एप्रिलात पुठ्ठा उचलला होता. त्यानं फावड्याचं पातं मातीवर ठेवलं. पाय वर ठेवला. पातं आपल्या वजनानंच आत जाऊ लागलं, इतकी माती मऊ होती. त्यानं वर बघितलं. स्टेशा दारात उभी होती. चहाचे कप मांडलेलं ताट तिच्या हातात. तिच्या तोंडावर राग नव्हता. गोठ्यात आजारी गाय उठते की नाही हे माणूस जसं बघतं, तशी ती बघत होती.

मर्टनं पाय खाली घेतला.

"ह्यो वाफा खांदलेला न्हाई," तो म्हणाला.

वाऱ्यामुळं मागच्यांना ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

"ह्यो वाफा कुणी खांदला न्हाई. म्या तर न्हाईच न्हाई. गवतावर पुठ्ठा टाकला, पुठ्ठ्यावर खत टाकलं, तेबी स्टेशानं. म्या नळीनं पानीसुदीक मारलं न्हाई. जुलैत म्या खोटं बोललो."

लोकांनी आधी नेडकडं बघितलं. मग नेड डेव्हरो हसला. तो सहसा हसत नसे, त्यामुळं बाकीचेही हसले.

"कसब सांगायचं न्हाई म्हन की सरळ," नेड म्हणाला. "तुझा बापबी असाच हुता. नांगराला फाळ कुठला लावलाय ते मरंस्तवर सांगितलं न्हाई त्यानं."

"खरं बोलतोय म्या, नेड."

"खरंच हाय त्ये," वॅटी फर्लाँग मागनं ओरडला. "फ्रिजचं खोकं हाय खाली. म्या डोळ्यानं बगितलंय."

वॅटीनं तोंड उघडलं आणि सगळं संपलं. हसता हसता लोकांच्या टोप्यांवरचं पाणी सांडू लागलं. वॅटी शपथा घेऊ लागला, तसे ते आणखीच हसले. बिचाऱ्यानं उभ्या जन्मात एकदा खरं सांगितलं, ते असं वाया गेलं.

नेडनं दाराकडं बघून विचारलं, "काय वहिनी, तुम्ही सांगा."

"त्यो सांगतोय त्येच खरं हाय," स्टेशा म्हणाली.

नेडनं सगळ्यांकडं अशा नजरेनं बघितलं, की बघा, याला म्हणतात संसार, नवऱ्याचं गुपित बाई फोडत नाही. मग सगळे चहा प्यायला आत गेले.

ते गेल्यावर मर्ट आणि स्टेशा कप विसळत बसले. ती धुवत होती, तो पुसत होता. हे काम त्यानं शेवटचं कधी केलं होतं त्याला सांगता आलं नसतं. खिडकीवर पाऊस थापा मारत होता.

"म्या खरं बोललो," मर्ट म्हणाला.

"ऐकलं म्या."

"कुनाला पटलं न्हाई."

स्टेशानं एक कप उजेडात धरून बघितला आणि त्याच्या हातात दिला.

"मला पटलं," ती म्हणाली.

मर्टनं तो कप फार वेळ पुसला.

ऑक्टोबरात गावच्या सभागृहात सुगीचं जेवण झालं, आणि तिथं मंडळानं मर्ट कॉडला एक फावडं बक्षीस दिलं. दांडा ओकचा, पातं आरशासारखं, दांड्यावर पितळी पट्टी, पट्टीवर त्याचं नाव आणि खाली 'उत्तम खांदणीबद्दल'. मर्ट नको नको म्हणत होता. लोकांना ती नम्रता वाटली, टाळ्या वाढल्या. घरी आणल्यावर ते कपाटात मावेना, भिंतीवर लावायला मर्ट तयार होईना. कोंबड्यांच्या खुराड्याचं दार वाऱ्यानं उघडत होतं. स्टेशानं फावडं नेऊन त्या दाराला आडवं लावलं. नेमकं बसलं. खुराड्याला इतका चांगला अडसर कधी मिळाला नव्हता.

नोव्हेंबरात मर्टनं पहिल्या वाफ्याला लागून दुसरा धरला. म्हणजे स्टेशानं काठीनं रेघ मारून दाखवली आणि त्यानं पुठ्ठे अंथरले. त्याचं पुठ्ठ्याचं कामही नांगरटीसारखंच, कड दोरीत. गुडघ्यावर बसून तो चिकटपट्टीचा शेवटचा तुकडा उकलत होता, तेव्हा नेडची गाडी फाटकापाशी थांबली.

"काय झाकून ठेवतोयस रं?"

"वाफा हाय. नवा."

"आन खांदणी?"

मर्टनं स्टेशाकडं बघितलं. ती शेवाळाची टोपली घेऊन येत होती.

"ही सांगंल तवा," तो म्हणाला.

नेडनं मान डोलावली, बराच वेळ वाफ्याकडं बघितलं आणि निघून गेला. त्याच रविवारी चर्चच्या भिंतीपाशी पक्कं झालं की मर्ट कॉड वेळ साधल्याबिगर खांदत नाही. माती झाकून ठेवतो, थंडी आत मुरू देतो, आणि मग एका विशिष्ट दिवशी फावडं लावतो. तो दिवस कोणता ते तो सांगत नाही. तेव्हा त्यानं फावडं उचलेपर्यंत कुणी खांदायची घाई करू नये. नेड बोलला म्हणजे झालंच. त्या हिवाळ्यात अर्ध्या बॅलीरेननं परसात फावडं लावलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. लोक मर्टच्या कुंपणावरनं डोकावून जात होते. मर्ट काही खांदत नव्हता. गावातल्या परसांत तणं मात्र मजेत वाढत होती.

मार्चात एका सकाळी पेग डेव्हरो मागच्या दारानं आली. नेड शर्यतीच्या कामाला गेला होता. तिनं डोक्याचा रुमाल काढला नाही, चहाही नको म्हणाली.

"स्टेशा, तुझ्याकडं ती मोठाली खोकी शिल्लक हायत काय गं?" तिनं हळूच विचारलं. "आमचं परसू गवतानं भरलंय. नेड म्हनतो थांब, अजून मर्टनं फावडं उचललं न्हाई. आता कंदी लावायचं बटाटं म्या? फकस्त त्यास्नी सांगू नगंस."

"खोकी मर्टकडं असतात," स्टेशा म्हणाली. "त्यालाच माग."

मर्टनं ऐकलं होतं. तो उठून मागच्या छपरात गेला आणि घडी करून रचलेल्या खोक्यांतनं चांगली जाड, रंगाबिंगाची छपाई नसलेली निवडून काढू लागला. पेग हात पुढं करून दारात उभी राहिली. मर्टनं खोकी दिली नाहीत. एक डोळ्यापाशी धरून त्यानं कडेनं बोट फिरवलं आणि कपाळाला आठी घातली.

"दम धर पेग," तो म्हणाला. "चिकटपट्टी राहिलीय हितं. ती काढल्याबिगर न्यायचं न्हाई."